व्याह्यासाठी सफारी

मुलीचं साक्षगंध, म्हणजे इतरांचा साखरपुडा, ठरलं तेव्हा घरात सगळ्यांना एकच चिंता होती. ती हॉलची नव्हती, जेवणाची नव्हती, फोटोवाल्याचीही नव्हती. बाबा येतील का, ही होती.

आई गेल्यापासून बाबांनी रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या आमच्या घराचं फाटक ओलांडणं जवळजवळ सोडूनच दिलं होतं. लग्नाची पत्रिका आली की ती उलटसुलट करून पाहायचे, छपाईतल्या चुका दाखवायचे आणि मला म्हणायचे, "तू जाऊन ये. माह्या वाटचा आशीर्वाद देऊन दे." नातीच्या साक्षगंधालाही ते असाच परस्पर आशीर्वाद पाठवतील, अशी आम्हाला धास्ती होती. त्यांना ओढून नेता आलं असतं, पण ओढून नेलेला आजोबा फोटोत लगेच ओळखू येतो.

म्हणून एका सकाळी चहा पिता पिता ते म्हणाले, "मले एक राखाडी सफारी शिवा लागते," तेव्हा माझी बायको हातातली गाळणी तशीच धरून माझ्याकडे बघायला लागली. सफारी शिवायची, म्हणजे येणार.

"आन एक कापड व्याह्यासाठी," बाबा पुढे म्हणाले. "सारखंच घेऊ. दोघंबी सारखे दिसू."

इथे आमचा आनंद जरा खाली बसला.

आमच्या होणाऱ्या व्याह्यांचा भनपुरीला ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. मुलगा माझ्या मुलीच्या ऑफिसात आहे, घर इथलंच, छत्तीसगढी. पहिल्यांदा मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा गोदामाच्या दारावरच्या माणसानं मला सलाम ठोकला, दुसऱ्यानं गाडी कुठे लावायची ते दाखवलं, तिसऱ्यानं पाणी आणलं. तिघांच्याही अंगावर राखाडी सफारी होती. मालक स्वतः साधा पांढरा शर्ट आणि चपला घालून बसले होते. अशा माणसाला आम्ही राखाडी सफारीचं कापड देणार. म्हणजे त्यांच्याच पहारेकऱ्यांचा गणवेश त्यांनाच आहेर करणार.

बरं, कापड न देण्याचीही सोय नव्हती. विदर्भातून रेल्वेच्या नोकऱ्यांसाठी इथे आलेल्या आमच्यासारख्या घरांनी खूप काही सोडलं. पोरं मराठीत विचारलेल्याचं उत्तर हिंदीत देतात आणि आपण मराठीच बोलतो आहोत असं त्यांना वाटत असतं. पण व्याह्याचं कापड कोणी सोडलेलं नाही. मुलीकडच्या सगळ्यात मोठ्या माणसानं ते व्याह्याच्या खांद्यावर टाकायचं, मग दोघांनी गळाभेट घ्यायची, तेव्हा सोयरीक पक्की. ते कापड पुढे शिवलं जातंच असं नाही. डब्यात घडी घालून ते दुसऱ्या लग्नात जातं, तिथून तिसऱ्या. आम्ही एकाला दिलेला डबा फिरत फिरत एकदा आमच्याकडेच परत आला होता. आईनं तो ओळखला आणि ख्यालीखुशाली विचारावी तशी त्यावरून हात फिरवून पुन्हा कपाटात ठेवला.

सफारी या शब्दाचीही भटकंती काही कमी नाही. मूळ अरबीत सफर म्हणजे प्रवास. तो शब्द व्यापाऱ्यांच्या जहाजातून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला उतरला आणि तिथल्या स्वाहिली भाषेत सफारी झाला. अर्थ तोच, प्रवास. मग तिथे गोरे साहेब शिकारीला जाऊ लागले. त्यांच्या लवाजम्याला सफारी म्हणू लागले, आणि त्या लवाजम्यात साहेबानं घालायच्या भरपूर खिशांच्या जाकिटालाही. खिसे काडतुसांसाठी होते म्हणतात. बंदूक मात्र बहुधा दुसराच कोणी वाहत असे. इकडे फारसीच्या वाटेनं सफर आपल्याकडे केव्हाच येऊन राहिली होती. रायपूर स्टेशनावर ती रोज कानावर पडते. पण तीच सफर आफ्रिका आणि विलायत फिरून शिंप्याच्या दुकानात पोचली, तेव्हा कोणी तिला ओळखलं नाही. सगळ्यांना ती इंग्रजी वाटली, आणि इंग्रजी वाटली म्हणूनच चालली.

चालण्याचं आणखी एक कारण होतं. मे महिन्यात रायपुरात कोट घालणं ही शिक्षा आहे. सफारीनं त्यातून तोड काढली. वर-खाली एकाच कापडाची, म्हणजे कोटाचा मान. अर्ध्या बाह्यांची आणि बाहेर सोडलेली, म्हणजे शर्टाचा गारवा. गारवा आपला म्हणायचा. टेरीकॉटमध्ये कसला आलाय गारवा! पण घाम दिसायचा नाही, आणि मोठ्या माणसाला तेवढं पुरतं.

माझ्या लहानपणी सफारी घालणारे ठरलेले होते: मुख्याध्यापक, बँकेचे मॅनेजर, डॉक्टर. सफारीतला माणूस दारात दिसला की आई आधी चहा ठेवायची आणि कोण आहे ते नंतर विचारायची. बाबा रेल्वेच्या मालधक्क्यावर क्लार्क होते. त्यांची बढती झाली तेव्हा त्यांनी पहिली सफारी शिवली. शिवून आली त्या दिवशी ती घालून ते घरातच इकडून तिकडे फिरले. तिला चार खिसे होते. एकात रेल्वेचा पास, दुसऱ्यात चष्मा, तिसऱ्यात सुपारीची डबी, चौथ्यात रुमालाखाली आमच्यासाठी पेपरमिंट. आम्ही नागपूरला निघालो की आई तिच्याकडच्या वस्तूही एकेक करून त्यांच्या हवाली करायची: किल्ल्या, डोकेदुखीची गोळी, सेफ्टी पिना. "हा माणूस नाही," ती डब्यात शेजारी बसलेल्या बाईला सांगायची, "हे माझं कपाट आहे." बाबा खिशावर हात ठेवून सगळं जागच्या जागी आहे याची खात्री करून घ्यायचे. त्यांना कपाट म्हटलेलं आवडायचं.

पुढे सफारी सगळ्यांकडे झाली. जावयांना मिळू लागली, व्याह्यांना मिळू लागली. आणि जी वस्तू सगळ्यांकडे आहे ती मोठी माणसं ठेवत नाहीत. कपडे जिना उतरताना मी खूप पाहिले, चढताना फार थोडे. एके काळी घराण्याची अब्रू असलेला फेटा आज हॉटेलच्या दारवानाच्या डोक्यावर असतो. बंदगळ्याचा कोट घालून वेटर पनीर फिरवतात आणि तसाच कोट घातलेला नवरदेव स्टेजवरून त्यांच्याकडे संशयानं पाहत असतो. सफारीही अशीच उतरली. मी नव्या राजधानीतल्या एका सरकारी कार्यालयात काम करतो. तिथे मोटारींचा ताफा थांबला की आधी सफारीवाले उतरतात, चारी दिशांना असे बघतात जणू वडाची झाडं हल्ला करणार आहेत, आणि मग साहेब उतरतात, कुर्त्यात. सफारीचा शर्ट बाहेर सोडलेला असतो, त्यामुळे कमरेला काय आहे ते दिसत नाही. बाबांच्या सफारीत सुपारी असायची. यांच्या सफारीत पिस्तूल असतं. माझ्या मुलीला तर सफारी म्हटलं की जाळीच्या बसमधून वाघ बघायला जाणं एवढंच माहीत होतं.

तर अशा या सफारीचं कापड घ्यायला मी बाबांना स्कूटरवर बसवून सदर बाजारात नेलं. ते खूप दिवसांनी बाहेर पडले होते. माझा खांदा घट्ट धरून प्रत्येक दुकानाची पाटी मोठ्यानं वाचत होते. कापडाच्या दुकानात गादीवर बसल्या बसल्या त्यांनी सांगितलं, "भैया, सफारी का कपड़ा दिखाओ."

"कितने आदमी हैं, बाबूजी?" दुकानदारानं विचारलं.

"दो."

"दो ही गार्ड? फिर थान क्या खोलना, कटपीस में दे देता हूँ."

"गार्ड नहीं," बाबा म्हणाले. "एक मैं, और एक मेरे समधी."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहू लागलो. माणूस चांगला होता. त्यानं आवाज मऊ करून विचारलं, "बाबूजी, सिल्क का कुर्ता दिखाऊँ? ऊपर से जैकेट. आजकल सब वही ले रहे हैं."

"भैया," बाबा म्हणाले, "मुझे चुनाव नहीं लड़ना है."

कापड घेतलं. चांगलं होतं, बाबांनी दोन बोटांत धरून आणि उजेडात नेऊन निवडलं होतं. पण परतताना त्यांनी एकही पाटी वाचली नाही. घरी आल्यावर पिशवी टेबलावर ठेवली आणि खोलीत गेले. ती पिशवी तिथेच राहिली. दिवसामागून दिवस गेले, साक्षगंध जवळ आलं, तरी टेलरचं नाव निघेना. जेवताना हॉलचा विषय निघाला की बाबा ताटात बघायचे.

"दुकानातलं मनाला लागलं त्यांच्या," बायको म्हणाली. "आता नाही येत ते. तुम्ही बोला त्यांच्याशी."

मुलगी म्हणाली, "पापा, आजोबा को बोलो ना, जो पहनना है पहनें. बस आ जाएँ."

शेवटी मी त्यांच्या खोलीत जाऊन बसलो. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग म्हटलं, "बाबा, खरं सांगू का? आता सफारी साहेब लोक घालत नाहीत. गार्ड घालतात."

"मले माहीत हाय. टीव्हीत रोज पाहतो. मंत्री हार घेऊन राहते आन हे लोक धक्के खाऊन राहते."

"मग?"

"मंग काय? मी काय मंत्र्यावानी दिसाले चाललो?"

"तसं नाही. पण व्याह्यांना काय वाटेल?"

"व्याह्याचं व्याही पाहीन. कापड चांगलं हाय का नाही?"

"चांगलं आहे."

"मंग टेलरकडे काहून नेत नाही मले?"

बाबा उशीची खोळ सरळ करत म्हणाले, "मी वाट पाहून राहिलो होतो, तू कधी नेतं याची. सारखं म्हटलं तर म्हणसान, म्हातारा मागंच लागला."

त्याच दिवशी संध्याकाळी मापं दिली. टेलरनं छातीचं माप पुन्हा एकदा घेतलं. त्याच्याकडे जुनं माप होतं आणि बाबा त्यातून बरेच आत सरकले होते.

साक्षगंध दुपारचं होतं, शहराबाहेरच्या एका लॉनवर. बाबांची आम्ही चोख व्यवस्था केली होती. स्टेजजवळ सोफा, सोफ्यापुढे पंखा, पाण्याची बाटली, पाठीला उशी. येणारा प्रत्येक जण वाकून पाया पडत होता आणि मोठ्या आवाजात, बाबा बहिरे असल्यासारखा, त्यांची तब्येत विचारत होता. बाबा "ठीक हाय, ठीक हाय" म्हणत होते. राखाडी सफारी त्यांना छान दिसत होती. जरा सैल होती, पण छान.

थोड्या वेळानं मी वळून पाहिलं तर सोफ्यावर नुसती उशी होती.

"बाबा फाटकावर आहेत," बायको धावत येऊन म्हणाली. "जा ना लवकर."

मी हातात तांदळाचं ताट घेऊन तसाच फाटकाकडच्या पायऱ्यांपर्यंत गेलो आणि तिथून ते पाहिलं. फाटकाशी व्याह्यांच्या गोदामावरचे दोन गार्ड उभे होते, राखाडी सफारीत. त्यांच्या शेजारी बाबा उभे होते. लांबून बघणाऱ्याला तिघे एकाच कंपनीचे वाटावेत, त्यातला एक सेवानिवृत्तीला आलेला. तेवढ्यात एक भलीमोठी पांढरी गाडी थांबली. कोणी तरी पाहुणे उतरले, सोनेरी घड्याळवाले, आणि बाबांच्या हातात गाडीची किल्ली ठेवून म्हणाले, "भैया, छाया में लगवा देना." आणि फोनवर बोलत आत निघून गेले.

एवढे दिवस ज्याची भीती होती तेच माझ्या डोळ्यांदेखत घडलं होतं. मला वाटलं, बाबा आता किल्ली तिथेच ठेवतील, आत येतील आणि म्हणतील, मला घरी सोड. आणि मग पुन्हा कधीच कुठे येणार नाहीत.

मी फाटकाशी पोचलो तेव्हा बाबा किल्ली एका गार्डच्या हातात देत होते. "ये नीम के नीचे नहीं," ते त्याला हिंदीत समजावत होते, "साहब फोन पे बोल रहे थे, इनको जल्दी निकलना है. इसको बाहर की तरफ लगाओ. जो देर तक रुकेंगे उनको अंदर."

"हव बबा," तो गार्ड मान डोलावत छत्तीसगढीत म्हणाला.

"बाबा, आत चला," मी म्हटलं.

"थांब ना. हे सगळ्या गाड्या एकामागं एक घालून राहिले होते. मंग निघासाठी बोंबाबोंब होते." त्यांनी पुढची गाडी हातानं थांबवली, खिडकीशी वाकले आणि आतल्या बाईंना विचारलं, "दीदी, खाना खाके जाओगे या पहले?" उत्तर ऐकून त्यांनी गाडी आत घेतली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू जा. तिकडं तुहं काम हाय."

मालधक्क्यावर मालगाडीच्या वाघिणी कोणत्या क्रमानं लावायच्या हे ज्यानं आयुष्यभर ठरवलं, त्याच्याशी मी काय वाद घालणार? मी परत गेलो. दुसऱ्या गार्डनं त्यांच्यासाठी खुर्ची आणलेली मी स्टेजवरून पाहिली. "बबा, थोकिन बइठ जाव," थोडं बसा, असं काही तो म्हणत असावा. बाबा खुर्चीच्या पाठीवर नुसता हात ठेवून उभे होते.

कापडाची वेळ आली तेव्हा त्यांना बोलवायला माणूस पाठवावा लागला. ते घाम पुसत आले. व्याही स्टेजवर उभे होते, त्या दिवशी रेशमी कुर्त्यात. बाबांनी डब्यातून कापड काढलं, घडी उलगडली आणि व्याह्यांच्या खांद्यावर टाकलं. राखाडी कापड रेशमावरून खाली लोंबलं आणि ते कशाचं आहे हे सगळ्यांना कळलं. मग व्याह्यांचे धाकटे भाऊ मागून मोठ्यानं म्हणाले, "लो भैया, आपकी भी ड्यूटी लग गई!"

काही लोक हसले. माझी मुलगी हसली नाही. ती आजोबांकडे बघत होती.

व्याह्यांनी कापडाचं टोक हातात घेतलं, अंगठ्यानं चोळून पाहिलं. मग बाबांना म्हणाले, "बाबूजी, मेरे यहाँ सब सफारी पहनते हैं. एक मैं ही रह गया था." आणि वाकून त्यांच्या पाया पडले.

बाबांनी त्यांना उठवून मिठी मारली. आमच्याकडे व्याहीभेट म्हणजे एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, तेवढ्यात फोटो. बाबांनी मात्र त्यांना जरा जास्त वेळ धरून ठेवलं. फोटोवाल्याला 'पुन्हा एकदा' म्हणावं लागलं नाही.

व्याही ती सफारी शिवतील की नाही, मला माहीत नाही. वाक्य चांगलं होतं, आणि चांगलं वाक्य बोलणाऱ्याकडून लगेच कृतीची अपेक्षा धरू नये, हे मी सरकारी नोकरीत शिकलो आहे. कदाचित ते कापड डब्यात बसून आणखी कुठल्या लग्नाला जाईल. जाऊ दे.

परतताना बाबा माझ्या शेजारी पुढच्या सीटवर होते, बायको आणि मुलगी मागे. किल्लीचं काही तरी बोलायला हवं असं मला वाटत होतं. न बोलता ते त्यांच्या मनात कुजलं असतं.

"बाबा, त्या पांढऱ्या गाडीवाल्याला मी नंतर बोलणार होतो."

"काहून?"

"त्यानं तुम्हाला किल्ली दिली..."

"दिली ना. काम सांगितलं." ते समोरच्या रस्त्याकडे बघत होते. "तुही माय गेली तेव्हापासून मले कोनी काम सांगितलं नाही. बाबा बसा. बाबा पाणी घ्या. बाबा गोळी घेतली का. भाजी आणाले निघालो तर तुमी फोनवर मागवून ठेवता. सोफ्यावर बसून बसून माणूस उशी होऊन जाते."

मागच्या सीटवर बायकोनं खिडकीची काच खाली केली, मग वर केली.

"लग्नात फाटकावर मीच राहीन," बाबा म्हणाले. "त्या पोट्ट्यांले मी सांगून ठेवलं हाय. गाड्या दोन रांगांत लावा लागतीन."

"आजोबा, शादी में तो बहुत गाड़ियाँ आएँगी," मागून मुलगी म्हणाली.

"येऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पेपर वाचत बसले होते. बायको ओट्यापाशी होती. ती त्यांच्याकडे न बघता, अगदी सहज म्हणाली, "बाबा, कोथिंबीर संपली. आणि लिंबंही लागतील, जरा रसदार बघून आणा."

बाबांनी पेपरची घडी केली. "पिशवी दे," ते म्हणाले, "आन किती आणू ते नीट सांग. नंतर म्हणसान, जास्त आणली."

ते चपला घालून फाटकाबाहेर पडले. मी पाण्याची बाटली काढायला फ्रिज उघडला. वरच्या कप्प्यात कोथिंबिरीची ताजी जुडी होती, कागदात गुंडाळलेली. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी बाटली घेतली आणि फ्रिज बंद केला.